डी व्रीस शोधायचे असतील तर डी व्रीस शोधू नका

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही मिशिगनमध्ये ग्रँड रॅपिड्सला राहता आणि सासरचं आडनाव डी व्रीस आहे. सासरे सांगतात की नेपोलियनने आडनावाची सक्ती केली तेव्हा पूर्वजांनी हे नाव चेष्टेत लावून घेतलं. पुढे 1847 मध्ये व्हान राल्टे नावाच्या धर्मगुरूंच्या सोबत घराणं अमेरिकेत आलं. त्यात इंटरनेटवर कुणीतरी बनवलेली वंशावळ हाती लागली आणि ती थेट सतराव्या शतकातल्या डेव्हिड डी व्रीस या जहाजाच्या कप्तानाला जाऊन भिडते. भिंतीवर विकत आणलेली ढाल-तलवारीची फ्रेम आहे. घरात एक जुनं डच बायबल आहे, पण ते कुणाला वाचता येत नाही. तुम्हाला विचारायचंय की यातलं खरं किती, आणि सुरुवात कुठून करायची.

मी गेली सतराएक वर्षं नेदरलँड्सच्या उत्तर भागात राहतो आणि अमेरिका-कॅनडातल्या कुटुंबांसाठी इथल्या दप्तरांमधून कुळशोध करतो. आपल्याकडे हेळवी दारात येऊन सात पिढ्या म्हणून दाखवतो. इथे हेळवी नाही, पण सरकारी नोंदणी अशी चोख आहे की एखाद्या शेतमजुराच्या बाळाच्या जन्माची वेळसुद्धा सापडते. तेव्हा कागद नसण्याची भीती बाळगू नका. तुमची अडचण उलटी आहे, डी व्रीस फार आहेत. 2007 च्या मोजणीत नेदरलँड्समध्ये हे आडनाव लावणारे 71 हजारांच्या आसपास होते. वर फक्त डी योंग आणि यान्सन. म्हणून ‘डी व्रीस आडनावाचा उगम कुठला’ हा प्रश्न सोपा आहे, पण त्याच्या उत्तरानं तुम्हाला तुमचं गाव मिळणार नाही. ‘आमचे डी व्रीस कुठले’ हा प्रश्न पूर्णपणे वेगळा आहे.

सोपा प्रश्न आधी संपवू. ‘डी व्रीस’, डच उच्चारात ‘द व्रीस’, म्हणजे उत्तरेकडच्या फ्रीसलंड भागातला माणूस. इथे उच्चार ‘द-फ्रीस’च्या जवळ जातो, अमेरिकेत त्याचं डीव्रीज झालं. आता गंमत बघा. फ्रीसलंडमध्ये सगळेच फ्रीस, तिथे कुणाला ‘तो फ्रीस’ म्हणून काय ओळखणार? हे नाव चिकटतं ते गाव सोडल्यावर. सोलापुरात कुणी कुणाला सोलापूरकर म्हणत नाही, पुण्यात म्हणतात. ॲमस्टरडॅमच्या गोदीत, हॉलंडच्या बंदरांमध्ये, शेजारच्या ग्रोनिंगन प्रांतात शेतावर कामाला आलेला फ्रीस खलाशी किंवा मजूर ‘द व्रीस’ झाला. त्यातही फ्रीस म्हणजे आजच्या फ्रीसलंड प्रांतातलाच असं नाही. उत्तर हॉलंडमध्ये वेस्ट-फ्रीसलंड आहे, जर्मनीत एम्डनच्या बाजूला पूर्व फ्रीसलंड आहे. तिथला माणूसही ‘द व्रीस’च.

मग आज खुद्द फ्रीसलंडमध्ये एवढे डी व्रीस कसे? काही बाहेर जाऊन, समुद्रावर राहून परतले आणि टोपणनाव सोबत घेऊन आले. बाकीच्यांचं उत्तर तुमच्या सासऱ्यांच्या नेपोलियनमध्ये आहे, पण ते सांगतात त्या प्रकारे नाही.

फ्रीसलंडमध्ये अठराव्या शतकाच्या शेवटापर्यंत बहुतेक सामान्य माणसांना कायमचं आडनाव नव्हतं. बापाचं नाव लागायचं. पीटरचा मुलगा यान म्हणजे यान पीटर्स, यानचा मुलगा क्लास म्हणजे क्लास यान्स. आपल्या ‘पांडुरंग विठ्ठल’सारखंच, पुढचं आडनाव गाळून. 1810 मध्ये नेपोलियनने हा देश फ्रान्सला जोडला आणि 18 ऑगस्ट 1811 च्या हुकुमानं ज्यांना आडनाव नव्हतं त्यांना ते घ्यायला लावलं. लोकांनी चेष्टेत विचित्र नावं घेतली ही कथा इथे घरोघरी ऐकायला मिळते. पुरावा म्हणून ‘नाक्टखेबोरन’ हे आडनाव पुढे करतात, शब्दशः ‘नागवा जन्मलेला’. पण ते आडनाव नेपोलियनच्या आधीपासूनचं आहे, आणि ते बापाच्या मृत्यूनंतर जन्मलेल्या मुलासाठीच्या जर्मन शब्दाचं बिघडलेलं रूप असावं असं मानतात. डी व्रीसमध्ये तर चेष्टा करायला जागाच नाही. मला विचाराल तर आडनाव सुचेना म्हणून सरळ ‘फ्रीस’ लिहून मोकळे झालेले लोक त्यात बरेच असावेत.

त्या नोंदणीची वही मात्र आमच्या कामात सोन्यासारखी आहे. कुटुंबातला सर्वांत वडीलधारा पुरुष यायचा, आडनाव सांगायचा आणि ते त्याच्या सगळ्या मुला-नातवंडांना लागायचं. वहीत त्यांची नावं, वयं आणि दुसऱ्या गावी राहत असतील तर ते गावही लिहिलेलं असतं. शेवटी सही, किंवा लिहिता येत नसल्याचा शेरा. आता विचार करा, बाप आधीच वारला असेल तर? मग प्रत्येक भाऊ आपापल्या गावी जाऊन आपापलं नाव घेणार. एक डी व्रीस, एक दाइक्स्ट्रा, एक व्हिसर, असे सख्खे भाऊ मी पाहिलेत. शेजारच्या गल्लीतल्या दोन डी व्रीस घरांचा मात्र एकमेकांशी काडीचा संबंध नाही. त्याच काळात कित्येक ज्यू कुटुंबांनीही हेच आडनाव घेतलं. म्हणजे आडनाव सारखं म्हणून नातं आहे असं नाही आणि आडनाव वेगळं म्हणून नातं नाही असंही नाही. हे एकदा पटलं की भिंतीवरच्या फ्रेमचा निकाल लागतो. इथे ढालीचं चिन्ह आडनावाला नसतं, विशिष्ट घराण्याला असतं. 71 हजार माणसांची एक ढाल असं काही नसतं. फ्रेम दिसायला छान असेल तर राहू द्या.

कप्तानाचंही तेच. डेव्हिड पीटर्सझून डी व्रीस हा खरा माणूस, 1593 मध्ये फ्रान्समधल्या ला रोशेलला जन्मलेला आणि होर्न बंदराचा. आजच्या डेलावेअरमध्ये 1631 साली वसवलेली स्वानेन्डाल ही वसाहत त्याच्या भागीदारीतली. तो स्वतः 1632 च्या अखेरीस तिथे पोचला तेव्हा ती जळून गेलेली होती आणि माणसं मारली गेली होती. पुढे स्टेटन आयलंडवर, हडसनच्या काठी त्याने पुन्हा वस्ती बसवून पाहिली आणि 1644 मध्ये तो परत फिरला. इंटरनेटवरच्या वंशावळीत त्याला आणि तुमच्या 1800 च्या आसपासच्या माणसाला जोडणाऱ्या पिढ्या कुठल्या कागदावर उभ्या आहेत ते तपासा. प्रत्येक पिढीखाली जन्माची किंवा लग्नाची नोंद नसेल, नुसतं ‘अमक्याच्या वंशावळीवरून’ असेल, तर ती पिढी धरू नका. प्रसिद्ध माणूस आणि सारखं आडनाव एवढ्याच भांडवलावर अशा वंशावळी तयार होतात.

आता 1847. ही कथा मी उडवून लावणार नाही, कारण तिच्यामागचा इतिहास खरा आहे. 1834 मध्ये ग्रोनिंगन प्रांतातल्या उल्रुम गावी हेंड्रिक डी कॉक या धर्मगुरूने सरकारमान्य चर्चमधून फारकत घेतली. त्याच्या मागे गेलेल्यांना दंड झाले, घरांत सैनिक आणून बसवले गेले, सभा उधळल्या गेल्या. तो जाच ओसरत आला तोवर 1845 मध्ये बटाट्यावर करपा पडला आणि गरिबाचं जेवणच गेलं. आल्बर्टस व्हान राल्टे आपल्या लोकांना घेऊन 1846 च्या शरदात रॉटरडॅमहून निघाले आणि 1847 च्या फेब्रुवारीत त्यांनी मिशिगनमध्ये ब्लॅक लेकच्या काठी वस्ती मांडली. तेच आजचं हॉलंड शहर. त्याच वर्षी आसपास झेलंड, ड्रेन्थ, ओव्हरआयसल अशी गावं उभी राहिली. गावांची नावं मागच्या प्रांतांची, कारण माणसं प्रांतवार बसली. त्यातलंच व्रीसलंड, मार्टेन इप्मा या धर्मगुरूच्या मागे आलेल्या फ्रीस लोकांनी वसवलेलं. तुमचे लोक खरोखरच 1847 चे असतील तर ते व्रीसलंडच्या जुन्या चर्चच्या सभासदांत असण्याची शक्यता आहे. तिथे बघा.

पण माझ्याकडे ‘आम्ही व्हान राल्टेंबरोबर आलो’ म्हणत आलेल्या डी व्रीस कुटुंबांपैकी बहुतेकांचे पूर्वज 1880 ते 1893 च्या दरम्यान उतरलेले निघाले. कारणही वेगळं होतं. 1878 च्या सुमारास अमेरिकेतलं स्वस्त धान्य युरोपात येऊ लागलं आणि भाव कोसळले. फ्रीसलंड-ग्रोनिंगनच्या चिकणमातीच्या किनारपट्टीवरच्या मोठ्या शेतकऱ्यांनी मजूर कमी केले. ते मजूर बोटीत बसले, आणि ग्रँड रॅपिड्समध्ये फर्निचरचे कारखाने माणसं घेतच होते. मजुराचा नातू ‘आजोबा पोटासाठी आले’ असं सांगण्यापेक्षा ‘धर्मासाठी आले’ असं सांगतो. मला यात काही वाईट वाटत नाही. शेवटी त्याच चर्चमध्ये ते वाढले आणि चर्चची कथा घरची झाली.

याची परीक्षा घरबसल्या दहा मिनिटांत होते. अमेरिकेच्या 1900 च्या जनगणनेत प्रत्येक परदेशी जन्मलेल्या माणसापुढे तो देशात कोणत्या वर्षी आला ते लिहिलेलं आहे, शिवाय जन्माचा महिना आणि साल. आधी ते पान काढा. साल एक-दोन वर्षांनी चुकतं, चाळीस वर्षांनी नाही. 1890 ची जनगणना मागायला जाऊ नका, तिचे बहुतेक कागद 1921 च्या आगीत गेले. हॉलंड शहरही 1871 च्या ऑक्टोबरात, शिकागो जळलं त्याच दिवसांत, जळालं. तिथला एखादा कागद मिळालाच नाही तर ते कारण लक्षात असू द्या.

आता मुख्य गोष्ट. मी माझ्या सुरुवातीच्या काळात आयोवातल्या एका कुटुंबासाठी यान डी व्रीस शोधला. वय जुळत होतं, बायकोचं नाव ट्राइन्च्ये होतं तेही जुळत होतं, थोरल्या दोन मुलांची नावंही जुळत होती. तीन महिने खपून मी 1700 पर्यंतची वंशावळ करून पाठवली, त्यांनी ती छापून घेतली. वर्षभराने दुसऱ्याच कामासाठी मृत्यूच्या नोंदी चाळताना माझा तोच यान मला भेटला. आपल्याच गावात, आपल्याच घरात, 1889 मध्ये वारलेला. आयोवातला यान तेव्हा मका पेरत होता. त्या कुटुंबाला पत्र लिहिताना झालेली लाज अजून आठवते.

तेव्हापासून दोन नियम पाळतो. पहिला, जो माणूस सापडला असं वाटतं त्याला आधी ‘मारून’ बघायचं. त्याच्या मृत्यूची, दुसऱ्या लग्नाची, नंतरच्या मुलांच्या जन्माची नोंद नेदरलँड्समध्ये मिळते का ते शोधायचं. मिळाली तर तो आपला नव्हे. तो इथून गेल्याचा पुरावाही असतो. 1850 नंतर प्रत्येक नगरपालिकेच्या लोकसंख्येच्या वहीत घरातली माणसं लिहिलेली असतात आणि शेवटच्या रकान्यात ते कुठे गेले, कधी गेले. त्या रकान्यात ‘नोर्ड-अमेरिका’ दिसलं की आमच्या जिवात जीव येतो.

दुसरा नियम तुमच्यासाठी जास्त कामाचा. नवऱ्याला सोडा, बायकोला धरा. आपल्याकडे लग्न झालं की बाईचं माहेरचं आडनाव कागदावरून पुसलं जातं. डच नोंदीत तसं होत नाही. जन्मली त्याच आडनावाने ती मरते, मुलांच्या जन्माच्या दाखल्यावर, मुलांच्या लग्नाच्या नोंदीत, स्वतःच्या मृत्यूच्या नोंदीत, सगळीकडे माहेरचं नाव. आणि फ्रीसलंडमधली बरीच आडनावं डी व्रीससारखी भरमसाट नाहीत. ‘-स्ट्रा’ने संपणारी नावं तुम्ही ग्रँड रॅपिड्समध्ये ऐकलीच असतील. हे ‘-स्ट्रा’ म्हणजे आपलं ‘-कर’ समजा, अमक्या जागी राहणारा. दाइक्स्ट्रा म्हणजे बांधावर राहणारा. होक्स्ट्रा, दाइक्स्ट्रा खूप आहेत, पण काही ‘-स्ट्रा’ अख्ख्या तालुक्यात चार-पाच घरांतच असतात. आयोवाच्या त्या कामात शेवटी तेच झालं. धाकट्या मुलीच्या अमेरिकन मृत्यूच्या दाखल्यावर आईचं माहेरचं आडनाव होतं, मोडकंतोडकं लिहिलेलं. यान आणि ट्राइन्च्ये अशा जोड्या शेकड्यांनी होत्या. त्या आडनावाची ट्राइन्च्ये एकच होती.

म्हणून सासरच्या सर्वांत जुन्या अमेरिकेतल्या जोडप्याच्या प्रत्येक मुलाचा मृत्यूचा दाखला मागवा, फक्त तुमच्या थेट पूर्वजाचा नाही. एकाने आईचं माहेर चुकीचं सांगितलं असेल, दुसऱ्याने बरोबर. सोबत डच भाषेतल्या जुन्या वर्तमानपत्रांतले शोकसंदेश बघा. हॉलंड शहरातून निघणाऱ्या ‘डी ग्रोंडवेट’मध्ये मृत माणसाचं नेदरलँड्समधलं गाव अनेकदा दिलेलं असतं. ग्रँड रॅपिड्समध्येच कॅल्विन विद्यापीठाच्या ‘हेरिटेज हॉल’ या संग्रहात चर्चची दप्तरं आहेत, तुम्हाला गाडीने जाता येईल. माणूस एका चर्चमधून दुसऱ्यात जाताना दाखला घेऊन जायचा आणि नव्या चर्चच्या वहीत ‘अमक्या गावाहून दाखल्याने आला’ असं लिहायचे. ते अमकं गाव हवंय आपल्याला.

गावाच्या बाबतीत एक सावधगिरी. कबरीवर ‘जन्म लेउवार्डन’ (फ्रीसलंडची राजधानी) असं असेल तर त्यावर फार भरवसा ठेवू नका. भोर-वेल्ह्याचा माणूस न्यू जर्सीत ‘पुण्याचा’ होतो तसंच ते आहे. आणि नावंही बदलतात. शूर्ड स्टुअर्ट होतो, येले जेरी होतो, क्लासचा निक होतो. हे बदल त्यांनी स्वतः किंवा शाळेतल्या बाईंनी केले. न्यूयॉर्कला स्थलांतरितांची तपासणी व्हायची त्या एलिस आयलंडवरच्या कारकुनाने नाव बदललं ही कथा मात्र सोडून द्या. प्रवाशांची यादी बोट सुटायची तिथेच तयार व्हायची, उतरताना नुसती तपासायचे. यादीत शोधताना ‘डी’ गाळून बघा. डच लोक डी व्रीस हे नाव ‘व’मध्ये लावतात, अमेरिकन ‘ड’मध्ये, आणि मधल्या कारकुनाने ‘फ्रीस’ लिहिलं तर ते ‘फ’मध्ये सापडतं.

गाव आणि बाईचं माहेर हाती आलं की इथलं काम पटापट होतं. फ्रीसलंड निघालं तर ‘आलेफ्रीझन’ या मोफत संकेतस्थळावर मूळ पानांची छायाचित्रं दिसतात, बाकी देशासाठी ‘ओपन आर्काइव्हन’ आणि ‘वी-वास-वी’ आहेत. लग्नाची नोंद मिळाली की तिथे थांबू नका, तिला जोडलेले कागद उघडा. वधूवरांच्या जन्माचे उतारे, वारलेल्या आईबापांच्या मृत्यूचे उतारे, आणि नवरदेवाचा सैन्यभरतीचा दाखला. त्या काळी फोटो नव्हता, म्हणून त्या दाखल्यावर माणसाचं वर्णन असायचं. पहिला असा दाखला मी वाचला तो अजून लक्षात आहे: उंची 1 एल, 6 पाम, 5 डाउम, म्हणजे आजच्या हिशेबात 165 सेंटीमीटर. चेहरा लांबट, कपाळ उंच, डोळे निळे, हनुवटी गोल, केस भुरे, ओळखीची खूण: देवीचे व्रण. शेतमजुराच्या खापरपणजोबाचं एवढं चित्र आपल्याकडे कुठल्या दप्तरात मिळणार?

किती मागे जाता येईल ते धर्मावर आणि गावावर अवलंबून आहे. 1811 पर्यंत जवळजवळ सगळ्यांचं जमतं. त्यामागे चर्चच्या बाप्तिस्म्याच्या आणि लग्नाच्या वह्या. काही गावांत त्या सतराव्या शतकापर्यंत जातात, काही गावांत मध्येच तुटतात. घराणं मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाचं असेल तर लहानपणी बाप्तिस्माच नाही, त्यामुळे जन्माची ती नोंद मिळत नाही. आणि 1811 च्या मागे गेलात की डी व्रीस हा शब्दच बहुधा नाहीसा होईल. तिथे फक्त अमक्याचा यान आणि तमक्याचा क्लास. तेव्हा नातवंडांना आजी-आजोबांची नावं ठेवायची इथली पद्धत मदतीला येते. पहिल्या मुलाला बहुधा बापाच्या बापाचं नाव, दुसऱ्याला आईच्या बापाचं. आपल्याकडे हे सांगावं लागत नाही.

आता ते बायबल. डच कुटुंबं जुन्या आणि नव्या कराराच्या मधल्या कोऱ्या पानांवर किंवा पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला जन्म-मृत्यू लिहायची. ते जबरदस्तीने सपाट उघडू नका, पाठीचा शिवण सुटतो. खाली उशी ठेवून खिडकीजवळ, तिरप्या उजेडात, मोबाइलने प्रत्येक लिहिलेल्या पानाचा फोटो काढा, कोरी वाटणारी पानंसुद्धा, कारण पेन्सिल फिकट होते. ‘गेब.’सारखा शब्द जन्माचा, ‘ओव्हरल.’ मृत्यूचा. त्यांच्या पुढे जो लहानसा शब्द येतो तो बहुधा गावाचा. वाचता आला नाही तरी तो भाग जवळून घेतलेला वेगळा फोटो टाका, सासूबाईंच्या सासूबाईंचं माहेरचं नाव कुणाला आठवत असेल तर तेही लिहा. कसंही, चुकीचं लिहिलेलं चालेल.